वरच्या आकाशातील वारा आणि वाटेत मिसळणारा उजेड

(पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी शाळेत भूगोल शिकवतो. माझ्या नावापुढे बी. ए., बी. एड. एवढेच आहे. तेव्हा विज्ञानावर बोलण्याचा अधिकार या गृहस्थांना कोणी दिला, असे आपल्यापैकी कोणाच्या मनात आले तर त्यात गैर काही नाही. परंतु वारा हा भूगोलाचाच विषय आहे. व्यापारी वारे, पश्चिमी वारे, मोसमी वारे, मतलई आणि खारे वारे हे सर्व मुलांकडून पाठ करून घेणारा मीच. हे सारे वारे जमिनीपासून दहा-पंधरा किलोमीटरांच्या आत वाहतात, आणि आमचे पाठ्यपुस्तक तिथेच थांबते. त्याच्यावर काय आहे? तिथे वारा वाहतो काय? वाहत असेल तर तिथे जाऊन तो मोजला कोणी? हा प्रश्न वर्गातील मुलांनीच विचारला होता. त्याचे उत्तर एका तासिकेत बसण्यासारखे नव्हते, म्हणून आज आपल्यासमोर सविस्तर मांडतो.

जमिनीपासून साधारण अडीचशे किलोमीटर उंचीवर, ज्याला आपण आयनांबर म्हणतो त्या भागात, हवा इतकी विरळ असते की तिला हवा म्हणावयास जीभ कचरावी. तरीही ती हवाच आहे आणि ती वाहते. सेकंदाला शंभर मीटर हा तिथला नेहमीचा वेग, म्हणजे तासाला ३६० किलोमीटर. सूर्यावरून आलेल्या भारित कणांमुळे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात खळबळ माजली, म्हणजे ज्याला चुंबकीय वादळ म्हणतात ते झाले, की हा वेग कित्येक पट वाढतो. तिथे फुगा पोचत नाही. अग्निबाण पोचतो, पण काही मिनिटांत परत खाली येतो. उपग्रह त्या भागातून जातो खरा, परंतु तिथे फार काळ टिकत नाही. ती विरळ हवाच त्याला मागे ओढते आणि खाली आणते.

ही ओढ किती खरी आहे याचा दाखला जुना नाही. ३ फेब्रुवारी २०२२ रोजी अमेरिकेतून स्टारलिंक कंपनीचे ४९ उपग्रह एकाच अग्निबाणाने सोडले गेले आणि सुमारे २१० किलोमीटर उंचीवर मोकळे करण्यात आले. त्याच सुमारास एक चुंबकीय वादळ आले. वादळ मोठे नव्हते. पण त्याने वरची हवा तापली, फुगली, त्या उंचीवर दाट झाली, आणि ४९ पैकी ३८ उपग्रह परत खाली येऊन वातावरणात जळून गेले. आज हवामानाची छायाचित्रे आणि मोबाइलवरचा नकाशा आपल्याला आकाशातूनच मिळतो. म्हणून तिथली हवा किती तापली, कोणत्या दिशेने वाहते आहे, वर चढते की खाली उतरते, हे ठाऊक असणे ही आता केवळ हौस राहिलेली नाही.

मग ती मोजावयाची कशी?

निसर्गाने यासाठी एक दिवा लावून ठेवला आहे. आपण म्हणतो, अमावास्येच्या रात्री आकाश काळे असते. तसे ते नसते. दिवसभर सूर्यकिरणांनी मोडलेले कण रात्री पुन्हा जुळू लागतात, त्या घडामोडीत ऑक्सिजनच्या अणूंना जादा शक्ती मिळते आणि ती शक्ती ते प्रकाशाच्या रूपाने टाकून देतात. या मंद प्रभेला एअरग्लो म्हणतात. त्यातील एक रंग तांबडा आहे, तरंगलांबी ६३० नॅनोमीटर. मिलिमीटरचा दहा लाखावा भाग म्हणजे एक नॅनोमीटर, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. हा तांबडा उजेड साध्या डोळ्यांना दिसत नाही, इतका तो मंद आहे. पण यंत्राला दिसतो.

या तांबड्या उजेडाची एक गंमत सांगण्यासारखी आहे. शक्ती मिळालेला ऑक्सिजनचा अणू हा उजेड लगेच टाकत नाही. त्याला सरासरीने जवळजवळ दोन मिनिटे लागतात. अणूंच्या जगात दोन मिनिटे म्हणजे युगच. खालच्या दाट हवेत त्याला इतका वेळ मिळतच नाही; शेजारच्या कणांचे धक्के लागून ती शक्ती उजेड न होताच निघून जाते. फार वर गेले तर ऑक्सिजनच थोडा. म्हणून हा उजेड मुख्यतः अडीचशे किलोमीटरच्या आसपासच्या पट्ट्यातून येतो. शिवाय त्या दोन मिनिटांत तो अणू आजूबाजूच्या कणांना पुष्कळ वेळा भेटतो आणि त्यांच्यातलाच एक होऊन जातो. त्यामुळे त्याचा वेग तोच वाऱ्याचा वेग, आणि त्याची चुळबूळ तेच त्या हवेचे तापमान. अडीचशे किलोमीटरवर कोणीतरी वायुदिशादर्शक आणि तापमापक बसवून ठेवावा, तसा हा प्रकार आहे.

आता वेग कसा ओळखायचा? कोकण रेल्वेच्या लहान स्थानकावर उभे राहून पाहा. न थांबता जाणारी गाडी भोंगा वाजवीत जवळ येते तेव्हा त्याचा स्वर उंच असतो, आणि गाडी पुढे निघून गेली की तोच स्वर एकदम खाली उतरतो. भोंगा तोच, चालकही तोच. ऑस्ट्रियाच्या डॉप्लर या शास्त्रज्ञाने १८४२ मध्ये हे मांडले. प्रकाशाचेही असेच होते. उजेड देणारा अणू आपल्याकडे येत असेल तर त्याची तरंगलांबी किंचित कमी भरते, दूर जात असेल तर किंचित जास्त.

किंचित म्हणजे किती, हे मात्र ऐकण्यासारखे आहे. प्रकाशाचा वेग सेकंदाला तीन लाख किलोमीटर आणि वाऱ्याचा शंभर मीटर. म्हणजे फरक तीस लाखांत एक! ६३० नॅनोमीटरमध्ये सुमारे ०.०००२ नॅनोमीटर. हा फरक पकडण्याचे यंत्र फाब्री आणि पेरो या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मार्सेय येथे तयार केले. त्यात अत्यंत सपाट अशा दोन काचा, अर्धवट आरसा केलेल्या, एकमेकींसमोर अगदी समांतर ठेवलेल्या असतात. प्रकाश त्यांच्यामध्ये अनेकदा पुढे-मागे होतो आणि बाहेर पडताना एकात एक अशा गोल कड्या उमटतात. तरंगलांबी जराशी बदलली की कड्या आकुंचन पावतात किंवा पसरतात. कडी सरकली किती, यावरून वारा. कडी रुंद झाली किती, यावरून तापमान. तांबड्या लेसरचा उजेड मधूनमधून आत सोडून यंत्र स्वतः सरकले नाही ना, हेही पाहिले जाते.

रात्री या यंत्राचा डोळा उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम अशा चारी दिशांना साधारण ४५ अंशांवर वर करून पाहतो आणि मग सरळ डोक्यावर पाहतो. ४५ अंशांवर पाहिले तर अडीचशे किलोमीटर उंचीची जी जागा दिसते ती जमिनीवरून मोजली तर आपल्यापासून सुमारे अडीचशे किलोमीटर दूर असते. आकाशातील ऑक्सिजनसारखा अगदी तोच उजेड देणारा, आणि स्थिर उभा असलेला, दिवा प्रयोगशाळेत सहज मिळत नाही. म्हणून शून्य कोठे धरायचे याची अडचण असते. त्यासाठी असे मानतात की, रात्रभराची सरासरी घेतली तर डोक्यावरची हवा वरही जात नाही आणि खालीही येत नाही. म्हणजे डोक्यावरचे माप हे शून्याची खूण. ही गोष्ट लक्षात असू द्या.

इथवर सर्व ठीक आहे. आता वाटेतल्या भानगडीकडे येतो.

हा तांबडा उजेड अडीचशे किलोमीटर खाली येतो. त्यातील बहुतेक वाट मोकळीच असते. शेवटचे दहा-वीस किलोमीटर तेवढे आपल्या दाट हवेचे, धुळीचे, धुराचे आणि बाष्पाचे. तिथे उजेड विखुरतो. यालाच प्रकाशाचे विकिरण म्हणतात. आकाश निळे दिसते ते याच कारणाने, हे लॉर्ड रॅले यांनी १८७१ मध्ये दाखविले आणि समुद्राच्या निळाईचा विचार करता करता आपले सर चंद्रशेखर वेंकट रामन याच वाटेने नोबेल पारितोषिकापर्यंत पोचले. हवेचे रेणू निळा रंग फार विखुरतात, तांबडा त्याच्या सुमारे पावपट. पण पावपट म्हणजे शून्य नव्हे. निव्वळ स्वच्छ हवादेखील सरळ वरून येणाऱ्या या तांबड्या उजेडातील शेकडा पाचच्या आसपास भाग इकडेतिकडे फेकते. त्यात धूळ आणि धूर मिसळला की हा आकडा शेकडा दहा, वीस, कधी त्याहूनही पुढे जातो. कारण धुळीचे कण रेणूंसारखे रंग निवडीत बसत नाहीत.

आपल्या घरांत ही गोष्ट अनोळखी नाही. मगरीबनंतर सूर्य बुडालेला असतो, तरी पश्चिमेची लाली, शफक, बराच वेळ टिकते. सूर्य नसलेल्या जागी सूर्याचा उजेड दिसतो तो वरच्या हवेने विखुरल्यामुळे. इशा आणि फजरच्या वेळांसाठी अनेक वेळापत्रकांत सूर्य क्षितिजाखाली १८ अंश असा हिशेब धरतात, तो या संधिप्रकाशाचाच. अकराव्या शतकात अंदलुसमधील जय्यान शहराचे काजी आणि गणिती इब्न मुआझ यांनी हाच संधिप्रकाश घेऊन, सूर्य क्षितिजाखाली अठरा-एकोणीस अंश गेला की तो संपतो एवढ्या एका गोष्टीवरून, उजेड विखुरणारी हवा किती उंच असावी याचे गणित केले. उत्तर आले सुमारे ५२ मैल. त्यांचा हा ग्रंथ लॅटिनमध्ये गेला आणि कित्येक शतके इब्न अल-हैसम यांच्या नावावर राहिला. १९६७ मध्ये अब्दुलहमीद साबरा या इतिहासकारांनी तो खरा कोणाचा हे दाखवून दिले.

आणि सुबह-ए-काजिब? खऱ्या पहाटेआधी पूर्वेस उभा, कोल्ह्याच्या शेपटीसारखा जो उजेड दिसतो, तो पहाटेचा नव्हे हे आपले वडीलधारे जाणून होते. तोही विखुरलेला सूर्यप्रकाशच, मात्र तो विखुरतो ग्रहांच्या मधल्या धुळीवरून. उजेड खरा असतो. तो जिथून आल्यासारखा वाटतो ती जागा खरी नसते. आपल्या वारा मोजणाऱ्या यंत्राची फसगत नेमकी अशीच होते.

यंत्राचा डोळा सरळ डोक्यावर लावला आहे. त्यात डोक्यावरचा उजेड येतो, हे तर झालेच. पण उत्तरेच्या आकाशातून खाली निघालेला उजेडही आपल्या डोक्यावरच्या धुळीला लागून वळतो आणि त्याच डोळ्यात शिरतो. डोंगरापलीकडच्या मशिदीची अजान समोरच्या कड्यावर आपटून आली तर ती कड्यातूनच येते आहे असे नवख्या माणसाला वाटते, तसे यंत्राला वाटते. तो उजेड उत्तरेच्या वाऱ्याची खूण अंगावर घेऊन आलेला असतो. यंत्र ती खूण डोक्यावरच्या वाऱ्याच्या खाती जमा करते.

शांत रात्री हे फारसे जाणवत नाही. आकाश सर्व बाजूंनी सारखेच उजळलेले असते. एका बाजूचा उसना उजेड वारा येतो म्हणतो, दुसऱ्या बाजूचा जातो म्हणतो, आणि डोक्यावर दोघांची वजाबाकी होऊन जाते. कडी जराशी रुंद होते इतकेच. ढग असतील तर मात्र यंत्राने कोठेही पाहिले तरी साऱ्या आकाशाची सरमिसळच दिसते, आणि म्हणून ढगाळ रात्रीची मापे शास्त्रज्ञ बाजूला ठेवतात. ढग ओळखणे सोपे आहे. खरी पंचाईत होते ती ढग नसलेल्या, चुंबकीय वादळाच्या रात्री.

वादळात ध्रुवाकडचे आकाश पेटते. हाच तांबडा उजेड उत्तरेकडे कित्येक पट वाढतो, आणि डोक्यावरचे व दक्षिणेकडचे आकाश मात्र मंदच राहते. फळ्यावर एक हिशेब मांडू. आकडे समजुतीसाठी आहेत. समजा डोक्यावरचा खरा उजेड १०० भाग आहे आणि तिथली हवा वरखाली मुळीच हलत नाही, म्हणजे वेग ०. उत्तरेचा झगमगाट विखुरून त्याच डोळ्यात आणखी ५० भाग येऊन पडतात, आणि तिकडचा वारा आपल्या दिशेने, म्हणजे दक्षिणेकडे, सेकंदाला ३०० मीटर वाहतो आहे. यंत्राला वेगळे वेगळे दिसत नाही. ते सरासरी काढते. ५० गुणिले ३०० म्हणजे १५,०००, भागिले १५०, उत्तर १००. डोक्यावर पाहताना "आपल्याकडे येणारा" याचा अर्थ खाली येणारा. म्हणजे स्थिर हवा सेकंदाला शंभर मीटर वेगाने खाली कोसळते आहे, अशी नोंद होते!

आता दक्षिणेकडे पाहू. तिकडेही वारा दक्षिणेलाच वाहतो, म्हणजे आपल्यापासून दूर जातो. समजा २०० मीटर वेगाने. त्यातही उत्तरेचे ५० भाग मिसळले. दूर जाणारे २०,०००, जवळ येणारे १५,०००. वजाबाकी ५,०००, भागिले १५०, उत्तर ३३. वारा २०० चा ३३ झाला. उत्तरेकडे पाहावे तर तिकडचा उजेड स्वतःच इतका तेजस्वी की त्यात भेसळ नगण्य. तिथे ३०० बरोबर दिसतात.

आता ही तिन्ही उत्तरे एकत्र ठेवा. उत्तरेकडून वारा जोरात येतो, दक्षिणेस जवळजवळ थांबतो, आणि मधोमध हवा खाली उतरते. कोणाही भूगोलाच्या शिक्षकाला हे चित्र पटेल! हवा चारी बाजूंनी एका जागी गोळा झाली की तिला वर किंवा खाली जावेच लागते, हे आम्हीच शिकवतो. शिवाय दोन निरनिराळ्या वेगांचा उजेड मिसळल्याने कडी रुंद होते, म्हणजे तापमानही वाढलेले दिसते. आणि वादळात हवा तापतेच, तेव्हा त्याचीही कोणाला शंका येत नाही. एकटाच साक्षीदार खोटे बोलला तर तो उलटतपासणीत सापडतो. इथे चार साक्षीदार आहेत, चौघांनाही एकाच भेसळीने पढविले आहे, आणि चौघांची जबानी एकमेकांशी जुळते. या विषयात मला सर्वांत विचार करावयास लावणारी गोष्ट कोणती असेल तर ती हीच.

हे केवळ फळ्यावर घडले असे नाही. अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागात इलिनॉय विद्यापीठातील प्राध्यापक जोनाथन मकेला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इतर संस्थांच्या मदतीने अशा यंत्रांचे जाळे उभारले होते. २ ऑक्टोबर २०१३ च्या रात्री चुंबकीय वादळ आले आणि तिथल्या सहा यंत्रांची मापे हाती आली. वारा दक्षिणेकडे आणि पश्चिमेकडे उसळला, तापमान सुमारे ४०० अंशांनी चढले, आणि डोक्यावरची हवा सेकंदाला सुमारे शंभर मीटर वेगाने खाली येताना दिसली. तीही मिनिट-दोन मिनिटे नव्हे, सलग सहा तास.

मुलांनो, वही काढून गुणाकार करून पाहा. सेकंदाला १०० मीटर, तासाचे ३,६०० सेकंद, तास ६. उत्तर येते २,१६० किलोमीटर. हवेचा पट्टा आहे अडीचशे किलोमीटर उंचीवर आणि ती उतरते आहे दोन हजार किलोमीटर! उतरणाऱ्या हवेची जागा घ्यायला वरून दुसरी हवा यावी, तर वर ती झपाट्याने विरळ होत गेलेली. इतका साठा आणायचा कोठून? आणि हवा अशी दाबली गेली तर सायकलच्या पंपाप्रमाणे ती तापून जाईल, चारशे अंशांवर थांबणार नाही. सहावीच्या मुलाला जमणाऱ्या या गुणाकाराने एवढ्या महागड्या यंत्राला अडविले.

त्या शास्त्रज्ञांना हे दिसले नव्हते असे नाही. म्हणूनच २०१४ मध्ये आपला लेख छापताना त्यांनी त्या वाऱ्याला "भासमान" असेच म्हटले, आणि वरून पडणाऱ्या वेगवान ऑक्सिजन कणांचा उजेड त्यात मिसळला असावा, असे एक कारण सुचविले. कारण विचारपूर्वक दिलेले होते. पण त्याच गटातील ब्रायन हार्डिंग या तरुण संशोधकाने दुसरीकडून सुरुवात केली. आकाशाच्या प्रत्येक भागातून किती उजेड येतो, वाटेतली हवा आणि धूळ तो किती विखुरते आणि त्यातला किती यंत्राच्या डोळ्यात येऊन पडतो, याचे संपूर्ण गणित त्यांनी संगणकावर मांडले. २०१७ मध्ये ते प्रसिद्ध झाले. वरून पडणाऱ्या कणांची गरजच उरली नाही. खालच्या दहा-वीस किलोमीटरांतल्या साध्या विकिरणाने तेवढाच खोटा उतरता वारा आणि तेवढेच वाढीव तापमान निर्माण होऊ शकते, असे दिसून आले. त्या लेखाच्या लेखकांत मकेलांचेही नाव आहे. तीन वर्षांपूर्वी स्वतः दिलेले स्पष्टीकरण त्यांनी आपल्याच विद्यार्थ्याच्या गणितासमोर बाजूला ठेवले.

यात आणखी एक गोष्ट आहे, आणि ती मला जरा खटकते. मिशिगन विद्यापीठातील अब्रेऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमका हाच इशारा १९८३ मध्ये छापून ठेवला होता: आकाश एका बाजूला तेजस्वी असेल तर विखुरलेला उजेड वाऱ्याची मापे बिघडवतो. इशारा ग्रंथालयात होता. पण पुढे यंत्रे सुधारली, कॅमेरे सुधारले, काचा अधिक सपाट झाल्या, आणि जसजशी यंत्रातली चूक कमी होत गेली तसतसा मापांवरचा विश्वास वाढत गेला. ही चूक यंत्रात नव्हतीच. ती यंत्राच्या काचेबाहेर, हवेत होती. कितीही चांगले यंत्र आणले तरी ते तोच भेसळीचा उजेड आणखी अचूकपणे मोजणार.

मग उपाय काय? वादळी रात्री डोक्यावरचे माप शून्याची खूण म्हणून वापरावयाचे नाही, हा पहिला. कारण खूणच सरकलेली असते. शांत रात्रीचे शून्य किंवा लेसरचे शून्य घ्यावे लागते. दुसरा उपाय म्हणजे दोन-तीन ठिकाणांहून आकाशाच्या एकाच तुकड्याकडे पाहणे. वारा खरा असेल तर सर्व ठिकाणांचा हिशेब जमतो. भेसळ असेल तर ती प्रत्येक गावच्या हवेप्रमाणे वेगळी भरते. तिसरा उपाय खर्चिक: वरून पाहणे. १० ऑक्टोबर २०१९ रोजी सोडलेला अमेरिकेचा आयकॉन हा उपग्रह क्षितिजाच्या वरच्या कडेने, म्हणजे खालच्या दाट हवेत नजर न घालता, हाच वारा मोजीत असे. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याचा संपर्क तुटला. तेव्हा रात्रंदिवस, वर्षानुवर्षे माप घ्यावयाचे तर जमिनीवरची यंत्रेच उपयोगी पडतात.

आपल्या देशातही हे काम चालते. अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेने माउंट अबू येथे असे फाब्री-पेरो यंत्र चालविले आहे. तिथल्याच शास्त्रज्ञांनी १९८९ च्या सुमारास याहून कठीण प्रश्न हाती घेतला: भर दिवसा, सारे आकाश विखुरलेल्या सूर्यप्रकाशाने उजळलेले असताना, त्यातून ऑक्सिजनचा हा मंद तांबडा उजेड वेगळा काढण्याचा. त्यासाठी त्यांनी खास यंत्र तयार केले आणि ते चालले. आपल्या कोल्हापुरात, शिवाजी विद्यापीठाच्या परिसरात, भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या केंद्रातून रात्रीच्या आकाशाच्या याच प्रभेची छायाचित्रे घेतली गेली आहेत. आपल्या अक्षांशावर ध्रुवीय प्रकाश येत नाही, त्यामुळे उत्तरेच्या झगमगाटाची भीती आपल्याला नाही. पण धूळ, वीटभट्ट्यांचा आणि उसाच्या पाचटाचा धूर आपल्याकडे भरपूर. मात्र १० मेच्या रात्री, २०२४ मध्ये, लडाखमधील हानले येथून आकाशात तांबडी कमान छायाचित्रात उमटली, ती आपण वर्तमानपत्रांत पाहिली असेल. तो उजेड हाच, ६३० नॅनोमीटरचा. इतक्या दक्षिणेपर्यंत तो क्वचितच येतो.

राहिला जुन्या नोंदींचा प्रश्न. गेल्या कित्येक दशकांत जगभर वादळी रात्रींची जी मापे जमा झाली, त्यांतील उतरते-चढते वारे कोणते खरे आणि कोणते उसन्या उजेडाचे, हे एकेक रात्र तपासूनच ठरवावे लागते. ते गणित करावयाचे तर त्या रात्री आकाशाचा कोणता भाग किती उजळ होता आणि हवेत धूळ किती होती, हे ठाऊक हवे. पहिली गोष्ट पुष्कळ ठिकाणी मिळते. दुसरी गोष्ट मिळतेच असे नाही. वाऱ्याची नोंद ठेवणाऱ्याला खालच्या धुळीची नोंद कशाला हवी, असे तेव्हा वाटणे साहजिक होते.

आपल्या शाळेत हवामानाची नोंदवही आहे. तापमान, पाऊस, वाऱ्याची दिशा आणि ढग असे चार रकाने मुले रोज सकाळी भरतात. या महिन्यापासून त्यात पाचवा रकाना आखला आहे. गच्चीवरून जवळची टेकडी, नदीपलीकडचा मनोरा आणि लांबचा डोंगर, यांपैकी काय स्पष्ट दिसते, काय अंधुक दिसते आणि काय दिसतच नाही, एवढेच त्यात लिहायचे. यंत्र लागत नाही. खडू टाकून एक जागा ठरविली आहे, तिथे उभे राहून पाहायचे. रविवारी आणि सुटीच्या दिवसांत नोंद कोण घेणार हे अजून ठरलेले नाही. शाळेजवळ राहणाऱ्या मुलांनी आपल्या पालकांना विचारून सोमवारी माझ्याकडे नावे द्यावीत.